डकोटापुढची बाई

विमानात मी आजवर बसलेले नाही. केजहून अंबाजोगाईला जाताना एस.टी.त खिडकीची जागा मिळाली तरी माझं भागतं. पण गेलं वर्षभर माझ्या मोबाइलवर सकाळ उजाडते ती विमानांनीच. कुणी शेपटीचा फोटो टाकतं, कुणी पंख्याचा, कुणी नुसत्या चाकाचा, आणि खाली पंधरा-वीस जण "वा, काय दुर्मीळ!" म्हणून हात जोडतात. सगळी जुनी विमानं, काळ्या-पांढऱ्या फोटोंतली, आणि सगळी एकाच विमानतळावरची, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याच्या शहरातली. विमानवेड्यांच्या त्या गटात बायका दोनच. एक कुणाची तरी बायको, ती कधी बोलत नाही. दुसरी मी. मी काही विमानांसाठी तिथं शिरले नव्हते. विमानांच्या आडोशाला कुठं माझी आई उभी आहे का, ते बघायला शिरले होते.

वडलांना मी दादा म्हणते. केजच्या तहसील कचेरीजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ; आता तो मी चालवते. माझं लग्न टिकलं नाही, तो विषय इथं नाही. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, आधार कार्ड प्लास्टिकात घालून देणं, आणि मयताचे फोटो मोठे करून देणं, ही आमची कामं. शेवटचं काम बारमाही चालतं. माणूस गेला की दहाव्याच्या आत घरचे येतात, हातात आधार कार्ड नाहीतर कुणाच्या लग्नातला घोळक्याचा फोटो. "एवढी म्हातारी काढून द्या, बाकीचे उडवा. डोळे मिटल्यात, तेवढे उघडा. अन् जरा गोरं करा." मी काढते, उडवते, उघडते, गोरं करते, मागं आभाळाचा निळा रंग भरते. तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर माझ्या हातचे मेलेले हसतायत. आणि आमच्या भिंतीवर माझ्या जन्मदात्या आईचा एकसुद्धा फोटो नव्हता. फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ती गेली तेव्हा मी तीन-साडेतीन वर्षांची होते. मला तिचं काहीही आठवत नाही. लोक सांगतात त्यांना पदराचा वास आठवतो, हाताचा स्पर्श आठवतो. मला तोही आठवत नाही, आणि उगाच आठवतो म्हणून खोटं सांगायचा माझा स्वभाव नाही. वर्षाच्या आत दादांचं दुसरं लग्न झालं. तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं की गेलेलीचे डोळे नव्या सुनेवर असू नयेत. फोटो घरात ठेवायचे नाहीत, तिची जागा टाकात. म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईचं तोंड ठोकलेलं. दुसरेपणाच्या बायकोनं तो गळ्यात घालायचा, सणावाराला आधी त्याला हळदीकुंकू आणि मग स्वतःला. दादांनी तिचे सगळे फोटो, सगळ्या फिल्मा एका फडक्यात बांधल्या आणि मांजरेच्या डोहात सोडल्या. त्यांचं वय तेव्हा तिशीचंसुद्धा नव्हतं. मोठ्यांपुढं तोंड उघडायची पद्धत नव्हती.

मला वाढवलेल्या आईनं तो टाक मरेपर्यंत गळ्यात वागवला. बाई सोन्यासारखी होती. तिच्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. मी लहानपणी तिच्या मांडीवर बसून तो टाक बघायची. दोन डोळे, एक कुंकू, नाकाची एक रेघ. मला वाटायचं, माझी आई अशीच दिसत असणार. पुढं सोनाराच्या दुकानात तसले डझनभर टाक एका खिळ्याला अडकवलेले दिसले, सगळ्यांची तोंडं एकसारखी, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले होते.

मग आईबद्दल माझ्याजवळ उरलं काय? दादांच्या तोंडचं एकच वाक्य. मी चिडून, हसून, कसंही तोंड उघडलं की दादा म्हणायचे, "दात तिचा आलाय तुला." माझा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला आहे. शाळेत पोरी मला त्यावरून चिडवायच्या. दादा सांगायचे, "तिचा बी असाच हुता. हासली की पदर घ्यायची तोंडावर. फोटो काढताना तर हासायचीच न्हाई." एवढीच माझी इस्टेट. पण दादांच्या डोक्यात ती अख्खी होती, हे मला ठाऊक होतं. कधी कधी ते बोलता बोलता थांबायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. तेव्हा त्यांना ती दिसत असणार.

दोन वर्षांपूर्वी दादांना काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे आधीपासून होताच, कळला उशिरा. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती काही महिने. कडेनं अंधार येत येत मध्ये एक भोक उरतं, तेवढ्यातून दिसतं. दादांनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "कॅमेऱ्याचं भोक बारीक बारीक करीत न्यावं, तसं व्हायलंय बग." ताटात डावीकडं वाढलेली चटणी त्यांना दिसेना झाली. "मीठ कावून वाढलं न्हाईस?" म्हणायचे, आणि मीठ तिथंच असायचं. मी ताट फिरवायची.

एका दुपारी ते आपणहून म्हणाले, "समदं बगून झालं. एकदा ती दिसली असती तर डोळे गेले तरी चाललं असतं." ते सहज बोलले, पण मला एकदम कळलं की हे त्यांच्यापुरतं नाही. समजा उद्या कुठून फोटो मिळालाच. समोर दहा बायका असल्या, तर त्यातली माझी आई कुठली हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांतलं भोक बुजत चाललं होतं. ते बुजलं की फोटो सापडून उपयोग नाही. मग मी कुठल्या अनोळखी बाईला हार घालणार?

तिचं माहेर शिरूर कासारकडचं. बस बदलत बदलत तिथं गेले. तिची भावंडं केव्हाच गेलेली. भाचरं भेटली, चहा पाजला, चांगलं बोलली. पण त्यांच्यापैकी कुणी तिला पाहिलेलं नव्हतं. एका पत्र्याच्या पेटीत लग्नातले फोटो होते म्हणे, तिला वाळवी लागली. परतीच्या बसमध्ये मी देवाला शिव्या घातल्या. शेजारच्या बाईला वाटलं मी फोनवर बोलतेय.

घरी आल्यावर दादांना खोदून खोदून विचारलं. कुठं, कधी, कुणी तिचा फोटो काढला होता का? बराच वेळ नाही नाही म्हणत होते. मग म्हणाले, "इमानापुढं एक काढला हुता."

हा त्यांच्या तरुणपणचा नाद. इकडच्या एका पुढाऱ्याची ऊठबस मोठ्या लोकांत. कुणी पाहुणा विमानानं यायचा असला की तो जीपमध्ये हार, नारळ आणि दादा असं सगळं घालून विमानतळावर न्यायचा. हार घालतानाचे फोटो काढायचे, एवढंच काम. तिथं एरवी कॅमेरा काढू देत नसत, पण पुढाऱ्यामुळं दादांना कुणी अडवत नसे. पुढाऱ्याचे फोटो काढून झाले की रोलमध्ये जे उरेल त्यात दादा विमानं काढायचे. डकोटा नावाचं दोन पंख्यांचं विमान त्यांचं फार लाडकं. तिथल्या एका कर्मचाऱ्याशी त्यांची दोस्ती झाली, त्यालाही विमानांच्या फोटोंचं वेड. दादा एकेक प्रत त्याला द्यायचे. एका खेपेला जीपमध्ये जागा होती म्हणून त्यांनी बायकोला आणि मला नेलं होतं. "तुला कडंवर घेऊन हुभी राहिली. मागं डकोटा. त्याची बी एक प्रत दिली हुती त्याला." डोहात गेली ती आमची प्रत. कर्मचाऱ्याची डोहात गेली नसणार.

बुडत्याला काडीचा आधार. त्या दोस्ताचा पत्ता तर सोडाच, दादांना त्याचं पुरतं नावही आठवेना. पण मोबाइलवर शोधता शोधता हा विमानवेड्यांचा गट सापडला. तिथं आत घेण्याआधी विचारतात, तुमच्याकडे जुने फोटो आहेत का? होते. नुसत्या विमानांच्या थोड्या प्रती दादांच्या ट्रंकेत पडून होत्या. त्यांना डोहात टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण त्यांत बाई नव्हती.

मी एकेक फोटो टाकू लागले. प्रत्येकाखाली लिहायची: हे माझ्या वडलांनी काढलेले आहेत, यांच्याच हातचा, विमानापुढं उभ्या असलेल्या बाईचा फोटो कुणाकडे असेल तर कृपया कळवा. उत्तरं यायची ती अशी: पंख्याची पाती किती आहेत ते मोठं करून दाखवाल का? शेपटीवरची अक्षरं पुसट आहेत, पुन्हा स्कॅन करा. मागं दिसतोय तो तेलाचा ट्रक आहे का? दोघातिघांची तर एका चाकावरून भांडणं लागली. बाईबद्दल एक शब्द नाही. मी चिडून एकदा लिहिलं, "तुम्हाला माणसं दिसत नाहीत का?" त्यावर एकानं हसरं तोंड पाठवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण गट सोडता येत नव्हता. गरजवंताला अक्कल नसते, मानही नसतो.

मग मी एक खूण दिली. त्या काळी फोटोंच्या कडा कंगोऱ्याच्या कापत. दादांच्या कटरचा एक कंगोरा घासून गेलेला होता, त्यामुळं आमच्या स्टुडिओच्या प्रत्येक प्रतीच्या कडेला ठरावीक अंतरानं एक कंगोरा सपाट येतो. नव्या कटरला दादांनी कधी पैसे घातले नाहीत. मी तो कंगोरा मोठा करून टाकला. अशा कडेची प्रत कुणाकडं असेल तर सांगा, वडलांचे डोळे चाललेत, असंही लिहिलं. जाहीरपणे भीक मागायची लाज मी तेव्हा गुंडाळून ठेवली होती.

दिवस जात होते. दादा दारात बसून स्वतःच्या हाताचा पंजा डोळ्यांपुढं धरायचे आणि किती बोटं दिसतात ते बघायचे. मला दिसलं की हात खाली करायचे. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाइल बघायची. विमान, विमान, विमान. एकदा मी मोबाइल पीठ मळायच्या परातीत आपटला होता.

आणि मग तो आला. शहरातल्या एका गृहस्थानं टाकला होता, सोबत लिहिलं होतं: "ताई, माझे वडील विमानतळावर नोकरीला होते. त्यांच्या अल्बममध्ये ही प्रत मिळाली. कडेचा कंगोरा तुम्ही म्हणता तसाच आहे. डकोटा अप्रतिम आलंय!"

डकोटा होतंच. नाक वर करून उभं. शेपटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आणि त्याच्या पंखाखाली नऊवारीतली एक बाई, कडेवर मूल. तिचं तोंड स्वच्छ, कॅमेऱ्याकडं. मोठे डोळे, सरळ नाक, किंचित हसू, दात एका ओळीत. किती सुंदर होती माझी आई! मी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मोठ्यानं रडले. तो बिचारा अर्ज तसाच ठेवून बाहेर जाऊन थांबला.

दादांना दारातल्या उन्हात बसवलं. त्यांच्या डोळ्यांतलं भोक कुठं आहे ते आता मला पाठ झालं होतं. उजव्या डोळ्याच्या जरा वर. मी तिथं मोबाइल धरला आणि फोटोतलं तिचं तोंड मोठं केलं. दादा शोधत राहिले. मान इकडं, मान तिकडं. मग त्यांची मान स्थिर झाली.

"दिसली का?"

डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मला भीती वाटली की आता पाण्यामुळं दिसायचं नाही, म्हणून मी पदरानं त्यांचे डोळे पुसत राहिले.

"हीच," ते म्हणाले. "हीच की गं. किती दिसानं."

त्या दिवशी आमच्या घरात सणासारखं वाटलं. मी शिरा केला. फोटोतून तिला कापून काढलं, मोठी केली, मागं निळं आभाळ भरलं, चौकट बसवली, हार घातला. रोज लोकांसाठी करते ते पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी केलं. दादा जवळ जाऊन पुन्हा पुन्हा बघायचे, नाक काचेला लागेपर्यंत. उरलेली सगळी नजर त्यांनी त्या चौकटीवर खर्च केली. पावसाळा संपता संपता ती संपली.

आता दादांना काहीच दिसत नाही. पण ते खुशीत होते. शेजारचे निवृत्त तलाठी रोज गप्पा मारायला येतात. त्यांना दादा सांगायचे, "आमची पहिली लई देखणी. डोळे तर हे एवढाले. अन् दात म्हणजे मोत्याची माळ."

पहिल्यांदा मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं. मोत्याची माळ? मी जिभेनं माझा दात चाचपला.

त्याच दुपारी तो फोटो मी दुकानातल्या संगणकावर पूर्ण मोठा केला. आधी का नाही केला, हे मला विचारू नका. मी स्वतःला रोज विचारते. आधी मला बघायचं नव्हतं, मला पाहिजे होतं. आता बघितलं. तिच्या कानातली कुडी केसांत विरघळून गेली होती. कडेवरच्या मुलाच्या एका हाताला बोटं जास्त होती. पदराची किनार खांद्यावर एक आणि कमरेपाशी वेगळीच. मी रोज ज्या धंद्यात पोट भरते त्याच धंद्यातला हा प्रकार, आणि तो माझ्या नाकाखालून, माझ्याच हातानं, माझ्याच भिंतीवर गेला होता.

त्या गृहस्थांना फोन केला. ते मोकळेपणानं म्हणाले, "हो ताई, साफ करूनच टाकतो आम्ही. गटाचा शिरस्ताच आहे, डागाळलेला फोटो टाकायचा नाही. फोटो साफ करायचं ते ॲप भारी आहे, शेपटीची अक्षरं कशी उठून आली बघा! अक्षरं बरोबर आहेत का ते मी नोंदींशी ताडून पाहिलं." मी विचारलं, आणि बाईचं तोंड? ते म्हणाले, "तोंड... ते विमानाबरोबर आपोआप साफ झालं असेल. आम्ही तिकडं लक्ष देत नाही." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, मला शिव्या देता आल्या असत्या.

दादांजवळ तलाठ्यांना बसवून मी पहिल्या बसनं बीडला आणि तिथून शहरात गेले. वाटेत एकच आशा होती. मूळ प्रतीत तिचं तोंड थोडंतरी असेल. डागाळलेलं, पुसट, कसंही, पण तिचं.

त्यांनी अल्बम काढून ठेवला होता, बायकोनं पोहे केले होते. मी पोह्यांना हात न लावता प्रत उचलली. कडेचा सपाट कंगोरा अंगठ्याला लागला आणि मला दादांचा हात हातात घेतल्यासारखं वाटलं. दादांचं जुनं भिंग पिशवीतून आणलं होतं. पंखाखाली बाई होती. कडेवर मी होते, कॅमेऱ्याकडं डोळे फाडून बघत, दोन्ही हातांना पाच-पाच बोटं. आणि तिचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं, त्यात नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. पांढरा फराटा. ती हलली होती. डकोटाचे पंखे सुरू झाले असतील, पदर उडाला असेल, नाहीतर हसू आलं म्हणून तिनं तोंड फिरवलं असेल. जन्मभर गिऱ्हाइकांना "हलू नका" म्हणणाऱ्या माणसाची बायको नेमकी तेव्हा हलली.

त्या ॲपनं तो पांढरा फराटा रिकामा बघितला आणि तिथं एक बाई भरून टाकली.

मी ते भिंग किती वेळ धरून बसले कोण जाणे. गृहस्थांची बायको पाणी घेऊन आली, माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. निघताना त्यांनी ती प्रत मला देऊन टाकली. "ताई, चुकलंच आमचं," म्हणाले. बिचारे दारापर्यंत सोडायला आले.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्याचा भुगा झाला. सांगायचं की नाही? माणूस आंधळा झालाय, समाधानात आहे, त्याला काय म्हणून सांगायचं? कुणीही हेच म्हणेल, राहू दे. पण मला तसं राहू देता येईना. माझी आई कुठंच नव्हती. फक्त दादांच्या डोक्यात होती. पन्नासएक वर्षं तिनं ती खोली धरून ठेवली होती. तिथं आता मोत्याच्या दातांची भाडेकरू येऊन बसली होती, आणि तिला आत नेऊन सोडणारी मीच. एकेक दिवस जाईल तसं तिचं सामान वाढणार आणि माझ्या आईचं बाहेर पडणार. दादा गेले की सगळंच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी चहा घेऊन गेले. मोत्याची माळ त्या दिवशीही झाली. मी दादांच्या समोर जमिनीवर बसले.

"दादा, तिचा वरचा दात शेजारच्यावर चढलेला हुता ना?"

"कुणाचा?"

"तिचा."

"न्हाई गं. फोटोत बगितलं न्हाईस का? कसे सरळ हायत."

"फोटो राहू द्या. तुमीच म्हणायचे, माझा दात तिचा हाय म्हणून."

ते हसले. "म्हणलं आसंल. म्हातारपणी डोक्यात काय बी येतंय. तू मनाला लावून घेऊ नको."

माझा धीर सुटला. मी त्यांचा हात ओढला आणि त्यांचं बोट माझ्या वरच्या ओठाखाली घातलं. ते दचकले, हात मागं घ्यायला लागले. मी मनगट सोडलं नाही. औषधाच्या पाण्यात वर्षानुवर्षं भिजून त्यांच्या बोटांची नखं वाकडी झालीयत. अंधाऱ्या खोलीत फोटोच्या कागदाची गुळगुळीत बाजू कुठली, हे ते बोटानंच ओळखायचे. त्यांची ती बोटं चुकलेली मी कधी पाहिली नाहीत. बोट आधी सरळ दातांवरून गेलं. मग त्या दाताशी आलं, वर चढलं, थांबलं. मागं गेलं आणि पुन्हा चढलं.

"हां," ते म्हणाले. खूप हळू. "पदर घ्यायची तोंडावर."

मला वाटलं, आली. माझी आई परत आली.

पण दादांचं तोंड पडत गेलं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली. चौकट कुठं आहे ते त्यांना न दिसताही माहीत होतं. त्यांचे डोळे तिथं लागले आणि तिथून हलेनात.

"मग त्या दिशी उन्हात," ते म्हणाले, "मी कुणाला बगून रडलो गं?"

त्यांचं बोट माझ्या दातावर तसंच होतं.